ज्वारी विकण्याआधी सोंडा ओळखा



फाल्गुनात रब्बी ज्वारीची रास घरात येते आणि पंधरा दिवसांत ती मोंढ्यात जाते. एवढी घाई कशाला, असे विचारले की आमच्या बैठकांतून दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर, "मार्चअखेर आहे, सोसायटीचा तगादा आहे." दुसरे उत्तर, "ठेवून तरी काय करता? मिरग निघाला की सोंडे होतात."

पहिल्या उत्तरावर आम्ही वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. दुसऱ्या उत्तराकडे मात्र आमचेही दुर्लक्ष झाले. किडा हा सरकारी धोरणाचा विषय नाही, असे धरून आम्ही तो सोडून दिला. तो धोरणाचा नसेल, पण भावाचा नक्कीच आहे. ज्याला माल ठेवता येतो तो भावाची वाट पाहू शकतो. ज्याला सोंड्याचा धाक आहे त्याला समोर येईल तो भाव घ्यावा लागतो. आपली ज्वारी ज्या अडत्याच्या गोदामात जाते तिथेही हेच सोंडे असतात. फरक एवढाच, की त्यांचा बंदोबस्त कसा करायचा हे त्याला माहीत आहे. म्हणून या अंकात या तीळभर किड्याची कुळकथा सांगायची आहे.

आमची एक चूक

आधी स्वतःची चूक कबूल करतो. कृषीची पदवी घेऊन आम्ही नुकतेच गावोगाव फिरू लागलो होतो. जिंतूरकडच्या एका घरी पंधरा पोती ज्वारी रचलेली होती आणि पोत्यांवर चार-दोन सोंडे हिंडताना दिसत होते. आम्ही ऐटीत सल्ला दिला, पोती झटका आणि वरून कीटकनाशकाची भुकटी मारा. त्यांनी तसे केले. वर फिरणारे सोंडे मेले आणि सगळ्यांचे समाधान झाले.

महिन्याभराने निरोप आला, येऊन बघून जा. पोत्यात हात घातला तर आत ऊब लागली. ओंजळ बाहेर काढली तर दाण्यांबरोबर सोंडे वळवळत होते आणि खाली पिठूळ पडले होते. त्या घरची आजी म्हणाली, "बाबा, मेलेल्यायची लेकरं आली कुठून रे?"

याचे उत्तर आमच्या पाठ्यपुस्तकात होते. आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले होते, समजून घेतले नव्हते. लेकरे दाण्यात होती.

दाण्याच्या आत काय चालते

सोंडा साधारण तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी ते काळपट रंगाचा भुंगेरा आहे. तोंड पुढे लांबून सोंडेसारखे झालेले असते, म्हणून त्याचे नाव सोंडा. सोंडेच्या टोकाला चावण्याचे बारीक जबडे असतात. मिशा सोंडेवरून निघतात आणि माणसाचे कोपर वाकावे तशा मध्येच वाकलेल्या असतात. पाठीवरच्या कडक पंखांवर नीट पाहिले तर चार फिकट तांबूस ठिपके दिसतात.

मादी सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, त्यात एक अंडे घालते आणि अंगातल्या चिकट स्रावाने छिद्र बुजवून टाकते. हे बूच आपल्या डोळ्यांना दिसत नाही. काही दिवसांत अंड्यातून पाय नसलेली, पांढरी, गुबगुबीत अळी निघते. ती दाण्याबाहेर कधीच येत नाही. आतला पिठूळ भाग खात वाढते, तिथेच कोषात जाते आणि पूर्ण भुंगेरा झाल्यावर दाण्याला भोक पाडून बाहेर येते. पावसाळ्यातल्या उबदार दमट हवेत हे सारे महिन्याभरात उरकते. मादी आपल्या काही महिन्यांच्या आयुष्यात शे-दीडशे, अनुकूल हवा असेल तर तीनशेपर्यंतही अंडी घालते. दहा माद्यांनी शंभर-शंभर अंडी घातली तर पुढची पिढी हजाराची होते, आणि हजार अंडी म्हणजे हजार दाणे गेले.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, भोक पडलेला दाणा दिसतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. बाहेर एक सोंडा फिरत असेल तर आत त्याची किती लेकरे आहेत हे डोळ्यांनी कळत नाही. दुसरी, पोत्यावर मारलेली भुकटी बाहेरच्या सोंड्याला लागते, दाण्यातल्या अळीला ती शिवतही नाही. आमची चूक झाली ती इथे.

सोंड्याची भावकी

किड्यांची वर्गवारी हे पुस्तकी काम आहे, त्याच्याशी आपल्याला काय देणेघेणे, असे काहींना वाटेल. आपण सोयरीक जुळवताना कूळ, भावकी सगळे पाहतो, कारण कुळावरून माणसाची रीत कळते. किड्याचेही तसेच आहे.

सोंडवाल्या भुंगेऱ्यांचे कूळ फार मोठे आहे. शास्त्रात त्याला कर्क्युलिओनिडी म्हणतात आणि त्यात पन्नास हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. या कुळातला एक वंश म्हणजे सिटोफायलस. ग्रीक भाषेत सिटोस म्हणजे धान्य आणि फिलोस म्हणजे प्रेमी. शोनहेर या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने १८३८ साली हे नाव दिले. आपल्या घरातले सोंडे या धान्यप्रेमी वंशातले.

या वंशातले चार भाऊ ओळखून ठेवावेत.

पहिला तांदळातला सोंडा, सिटोफायलस ओरायझी. लिनियसने १७६३ साली त्याचे वर्णन केले ते तांदळाच्या नावाने, पण ज्वारी आणि गहूही त्याला तेवढेच प्रिय आहेत. आपल्या ज्वारीचा मुख्य शत्रू हाच.

दुसरा मक्यातला सोंडा, सिटोफायलस झीमेस. हा अंगाने किंचित मोठा आणि उडायला जास्त तयार. दोघे दिसायला इतके सारखे, की शास्त्रज्ञांचाही शंभर वर्षे घोळ चालला होता. १९६१ साली कुशेल या शास्त्रज्ञाने त्यांच्या नावांचा गुंता सोडवला. आजही खात्री करायची तर नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. शेतकऱ्याने त्यात पडण्याचे कारण नाही, कारण दोघांचा उपाय एकच.

तिसरा कोठारातला सोंडा, सिटोफायलस ग्रॅनेरियस. याच्या पाठीवर ठिपके नाहीत आणि याला उडता येत नाही. हा थंड मुलुखातला. परदेशी पुस्तकांत त्याचीच वर्णने जास्त असतात. त्यावरून कोणी सांगितले की सोंडा उडत नाही, तर विश्वास ठेवू नका. आपला सोंडा उडतो. पिकत आलेल्या कणसापर्यंतही तो पोचू शकतो. शेतातून आलेल्या नव्या ज्वारीत सोंडा कुठून आला, याचे एक उत्तर हे आहे.

चौथा चिंचोक्यातला सोंडा, सिटोफायलस लिनियारिस. चिंच फोडताना गोल भोक पडलेला चिंचोका सगळ्यांनीच पाहिला आहे. ते याचे काम. हा चिंचोक्याला धरून राहणारा आहे. घरात चिंच आहे म्हणून ज्वारीला सोंडे झाले, हा समज काढून टाका.

आता जे या भावकीतले नाहीत त्यांच्याकडे पाहू. तूर, मूग, हरभऱ्यात होणारा भुंगा वेगळ्या रीतीचा. त्याला अशी लांब सोंड नसते आणि तो अंडी दाण्याच्या वर चिकटवतो. मुगावर दिसणारे पांढरे ठिपके ती अंडीच असतात. म्हणून डाळ-कडधान्याला तेलाचा हात फिरवण्याची आपल्या मायबहिणींची रीत शास्त्रशुद्ध आहे. अंडे वर असते आणि तेल तिथपर्यंत पोचते. ज्वारीत अंडे बुचाखाली लपलेले, त्यामुळे तिथे तेलावर विसंबता येत नाही. एकाच घरात, एकाच उतरंडीत, दोन किडे आणि दोन रीती.

कपाशीवरही हाच धडा लागू आहे. कपाशीच्या आणि ज्वारीच्या पानांच्या कडा कुरतडणारा करडा-पांढुरका भुंगेरा सोंडवाल्यांच्याच कुळातला, पण त्याचा वंश मायलोसेरस, म्हणजे वेगळा. त्याची अळी मातीत मुळांवर जगते. तो शेतातला किडा आहे, घरातल्या रासेशी त्याचा संबंध नाही, आणि चार पानांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या म्हणून फवारा उचलण्याचीही गरज नसते. अमेरिकेतल्या कापसाची ज्याने दाणादाण उडवली तो बोंडातला सोंडा आणखी तिसऱ्या वंशाचा, ॲन्थोनोमस. १८९२ च्या सुमारास तो मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला. तो भारतात नाही. आपल्याकडची गुलाबी बोंडअळी ही पतंगाची अळी आहे. दोन्ही बोंडातच बसतात, एवढ्यावरून भाषांतर करणारे त्यांना एक करून टाकतात. किड्याचे नाव चुकले की औषध चुकते, आणि औषध चुकले की पैसा जातो.

सोंड्याचे मर्म

आता मुद्द्याची गोष्ट. सोंड्याला पाणी प्यायला ओढ्यावर जायचे नसते. त्याला लागणारा ओलावा तो दाण्यातूनच घेतो. दाण्यातला ओलावा नऊ-दहा टक्क्यांच्या खाली गेला की त्याची वीण थांबते आणि मोठे सोंडेही फार दिवस तग धरत नाहीत. बारा-तेरा टक्क्यांवर तो रखडत वाढतो. चौदाच्या पुढे त्याची चंगळ होते.

परभणीच्या चैत्र-वैशाखात काय असते? हवा कोरडी ठणठणीत आणि पारा चाळिशीच्या पार. पातळ पसरून चांगले ऊन दिलेली रब्बी ज्वारी या दिवसांत नऊ-दहा टक्क्यांपर्यंत सुकते. हे काम निसर्ग फुकट करून देतो. पण मग जून येतो. तागाच्या पोत्यातला दाणा दमट हवेतून ओलावा ओढून घेतो, जमिनीवर टेकलेले पोते खालून ओल घेते, आणि आषाढ-श्रावणात तीच ज्वारी चौदा टक्क्यांवर जाते. सोंडे वाढू लागले की त्यांच्या श्वासोच्छ्वासाने धान्य गरम होते, घाम येतो, बुरशी धरते आणि ओलावा आणखी वाढतो.

म्हणजे सोंड्याविरुद्धची लढाई आपण उन्हाळ्यात जवळजवळ जिंकलेली असते. पावसाळ्यात दार उघडे ठेवून ती हरतो. उन्हाळ्यातला कोरडेपणा बंद करून ठेवणे, एवढेच काम उरते.

पेव का टिकले होते

हे आपल्या पूर्वजांना कळत होते. गावाच्या पांढरीत खणलेली पेवं जुन्या माणसांनी पाहिली आहेत. आतून भाजून किंवा लिंपून, कडबा-भुसकट लावून त्यात ज्वारी भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. दुष्काळात तीच पेवं कामाला यायची. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर थांबत, कारण उतरणारा माणूस गुदमरून मरत असे.

तो दिवा का विझतो, यातच पेवाचे गुपित आहे. बंद जागेत दाणे आणि किडे श्वास घेतात, प्राणवायू संपत जातो आणि कार्बन वायू साचतो. माणूस गुदमरतो तसा सोंडाही गुदमरतो, दाण्याच्या आतली अळीसुद्धा. भुकटी जिथे पोचत नाही तिथे हवेची टंचाई पोचते.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात चवळी साठवण्यासाठी तीन थरांची हवाबंद पिशवी तयार केली. आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेले पोते. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत ती वापरात आहे. तत्त्व आपल्या पेवाचेच. आपण मात्र पेव बुजवले आणि त्याच्या जागी तागाचे पोते आणून ठेवले. त्यातून हवाही जाते आणि सोंडाही जातो.

घरी काय करावे

एक. रास झाली की ज्वारी ताडपत्रीवर पातळ पसरून चार-पाच कडक उन्हे द्या. दाणा दाताखाली कट्ट वाजून फुटला पाहिजे. कोरड्या बाटलीत कोरडे मीठ आणि ज्वारी घालून हलवण्याची जुनी परीक्षाही करा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा पंधराच्या वर आहे. मीठ चिकटले नाही म्हणजे काम झाले असे मात्र नाही. आपल्याला दहापर्यंत जायचे आहे.

दोन. वाळवलेली ज्वारी गरम असताना कोठीत भरू नका. रात्रभर निवू द्या, नाही तर आत घाम सुटतो.

तीन. नवी ज्वारी जुन्या पोत्यात, जुन्या ज्वारीशेजारी ठेवू नका. सोंडे उन्हाळा काढतात ते जुन्या धान्यात, पोत्यांच्या शिवणीत आणि भिंतींच्या फटीत. पोती उकळून वाळवा आणि फटी लिंपून घ्या.

चार. पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी किंवा जाड प्लास्टिकची पिशवी काठोकाठ भरा. आत जितकी हवा कमी तितका सोंडा लवकर गुदमरतो. खाण्याची ज्वारी वेगळी ठेवा, विकायच्या ज्वारीचे तोंड पुन्हा पुन्हा उघडू नका.

पाच. खरिपाची ज्वारी ओली येते. ती पुरेशी न वाळवता हवाबंद केली तर सोंड्याआधी बुरशी खाईल. तिला हा उपाय तसाच लावू नका.

सहा. लिंबाचा पाला आणि राख यांना आम्ही नावे ठेवत नाही. पाल्याच्या वासाने बाहेरचे सोंडे दूर राहतात. कोरडी राख दाण्यांमधली जागा भरते आणि किड्याच्या अंगाला खरचटून त्याला सुकवते. पण आत बसलेल्या अळीला दोन्हींचा धाक नाही. ती जोड म्हणून ठेवा, भिस्त म्हणून नको.

आणि सातवी गोष्ट हात जोडून सांगतो. गोळ्या घरात आणू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा वायू दाण्यातल्या अळीपर्यंत पोचतो, हे खरे. म्हणूनच गोदामवाले तो वापरतात. पण हवाबंद आच्छादन, ठरलेले दिवस आणि प्रशिक्षित माणूस हे तिन्ही त्याला लागते. कायद्यानेही या गोळ्यांची विक्री सरसकट कोणालाही करता येत नाही. ज्या खोलीत लेकरे झोपतात तिथल्या पोत्यात चोरून आणलेली गोळी टाकणे म्हणजे सोंड्याच्या आधी माणूस मारणे. धाब्याच्या घरात वायू कोंडतो आणि माणसाला झोपेतून उठूही देत नाही. शिवाय गळक्या जागेत अर्धवट वायू दिला की जगलेले सोंडे त्याला दाद देईनासे होतात. पुढच्या वर्षी तीच गोळी फुकट जाते.

एवढ्याने भाव मिळेल का?

नाही. आम्ही असे खोटे आश्वासन देणार नाही. दहा पोती ज्वारी कोरडी आणि हवाबंद ठेवली तरी मार्चअखेरचा तगादा चुकत नाही. दवाखाना आणि लग्न थांबत नाही. सोंड्याचा धाक गेला तरी पैशाची नड राहतेच. पण दोन दोर गळ्यात असले तर एक तरी आपल्या हाताने काढता येतो, आणि एक निघाला की दुसरा स्पष्ट दिसतो. आज आपल्याला सांगितले जाते, "तुमचाच माल किडतो म्हणून तुम्ही विकता." उद्या बिनकिडीची ज्वारी घरात असताना नाइलाजाने विकावी लागली, तर दोष किड्याचा नाही हे उघड होईल.

म्हणून आमच्या मागण्याही तशाच नेमक्या आहेत.

राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून १८० दिवसांसाठी सहा टक्के व्याजाने कर्ज मिळण्याची तरतूद तिच्यात आहे आणि ज्वारी तिच्या यादीत आहे. पण पालम किंवा सोनपेठच्या आडगावातल्या दहा पोतीवाल्याला गोदामापर्यंतचे भाडे, हमाली आणि दोन दिवसांची खोटी परवडत नाही. हे तारण गावात, गटाने ठेवलेल्या हवाबंद मालावर मिळाले पाहिजे.

प्रत्येक सोसायटीत ओलावा मोजायचे यंत्र हवे. मोंढ्यात ओलाव्याच्या आणि किडीच्या नावाने कडता लागतो तेव्हा यंत्र एकाच बाजूला असते. मोजमाप दोन्ही बाजूंनी झाले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. परभणी मोती, परभणी ज्योती, परभणी शक्ती अशी ज्वारीची वाणे तिथून निघाली. वाणाच्या माहितीपत्रकावर उत्पादन, कडबा आणि रोगांना प्रतिकार किती हे छापलेले असते. टणक दाण्यात सोंड्याची वीण कमी होते आणि मऊ पिठूळ दाण्यात जास्त, हे शास्त्राला माहीत आहे. मग कोणते वाण घरात किती टिकते हेही त्याच पत्रकावर यावे. शेतकरी वाण पेरतो ते विकण्यासाठी आणि ठेवण्यासाठीही.

शेवटी एक काम. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या घरातली ओंजळभर ज्वारी कागदात बांधून आणावी आणि वर लिहावे, रास कधीची, कशात ठेवली, किती उन्हे दिली. तिथे शंभर-शंभर दाणे मोजू आणि भोकाचे वेगळे काढू. कोणाची ज्वारी टिकली आणि कोणाची गेली, हे आपल्याच आकड्यांनी आपल्यापुढे येईल. त्या आकड्यांनिशी बाजार समितीकडे आणि विद्यापीठाकडे जाऊ.

जिंतूरकडच्या त्या आजीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हाला फार उशीर झाला. निदान तिच्या नातवाला तरी आषाढात पोते उघडताना तो प्रश्न पडू नये.